विजेची करवत घरी आणताना

मिरगाच्या आधी जळण भरून ठेवायचे, ही आपल्या भागातील जुनी रीत आहे. वळवाच्या वाऱ्याने मोडलेली आंब्याची फांदी, बांधावर वाळलेली बाभूळ, जुन्या घराचे काढलेले वासे, असे सारे मे महिन्यात तोडून, वाळवून गोठ्याच्या आढ्याखाली रचले जाते. घरात गॅस आला तरी अंघोळीचे पाणी आणि जनावरांचे आंबोण अजून चुलीवरच होते. पूर्वी हे काम कुऱ्हाड आणि दोघांनी ओढायची करवत करीत असे. आता लाकूड फोडणारा गडी मिळत नाही. मिळाला तर त्याची मजुरी जळणापेक्षा महाग पडते. म्हणून बेळगाव, निपाणी, चिकोडीच्या दुकानांतून विजेवर चालणारी साखळी-करवत, म्हणजेच चेनसॉ, शेतकऱ्यांच्या घरी येऊ लागली आहे.

हे यंत्र चांगले आहे. त्याला पेट्रोल लागत नाही, धूर नाही, दोरी ओढून सुरू करण्याचा त्रास नाही. परंतु ते मिक्सरसारखे एका बटणावर चालते, म्हणून मिक्सरइतकेच निरुपद्रवी असेल, असा समज होतो. तो घातक आहे.

आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याने अशी करवत आणली. पेटीतले माहितीपुस्तक पेटीतच राहिले. शिडीवर चढून, एका हाताने फांदी धरून व दुसऱ्या हाताने करवत चालवून ते कापू लागले. पट्टीचे टोक मागच्या डहाळीला लागले आणि करवत उसळली. डाव्या हाताची दोन बोटे गेली. जीव वाचला, ही देवाची कृपा. पण आज त्यांना म्हशीची धार काढता येत नाही, तंबाखूचा शेंडा खुडता येत नाही. ती फांदी कुऱ्हाडीने अर्ध्या तासात तुटली असती. शेतकऱ्याचा हात हेच त्याचे पहिले अवजार आहे. तो जपून हे यंत्र कसे वापरावे, ते या पाठात पाहू.

यंत्राची ओळख

विजेवर चालणारी साखळी-करवत जर्मनीतील आंद्रेयास श्टील यांनी १९२६ साली तयार केली. ती इतकी जड होती की उचलायला दोन माणसे लागत. सुरुवातीच्या साखळ्यांचे दात हातकरवतीसारखे ओरबाडणारे होते व ते लवकर बोथट होत. पुढे १९४० च्या दशकात अमेरिकेतील जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्याने लाकूड पोखरणारी एक अळी निरखून पाहिली. तिचे जबडे डावीकडे-उजवीकडे आलटून पालटून लाकूड खात होते. त्यावरून त्याने आजच्या साखळीचा दात बनवला. आपण आंब्याच्या खोडात भिरूड पाहतो, तिचे काम आठवा म्हणजे हे चटकन समजेल. साखळीवर एक दात डावा, एक उजवा असतो आणि प्रत्येक दात रंध्याप्रमाणे लाकडाचा ढलपा काढत जातो.

घरगुती यंत्रात मोटार, लांब पोलादी पट्टी, तिच्या खाचेतून फिरणारी साखळी, तेलाची टाकी, पुढची व मागची मूठ आणि पुढच्या मुठीसमोर उभा गार्ड असतो. हा गार्ड पुढे ढकलला की साखळी तत्काळ थांबते. यालाच चेन ब्रेक म्हणतात. खरेदी करताना दुकानदाराला तो चालवून दाखवायला सांगावे. ब्रेक नसलेले यंत्र स्वस्त असले तरी घेऊ नये.

ग्राइंडरला जोडायची साखळी-पट्टीही बाजारात फार कमी किमतीत मिळते. ती मुळीच घेऊ नये. ग्राइंडरला चेन ब्रेक नाही, दोन्ही हातांची योग्य पकड नाही, आणि त्याचा वेग या कामासाठी ठरवलेला नाही. बॅटरीवरच्या छोट्या करवतींनाही पुढचे सर्व नियम लागू आहेत. साखळीला हात लावण्यापूर्वी त्यांची बॅटरी काढून ठेवावी.

आधी वीज पाहा

सोळा इंची पट्टीचे यंत्र साधारणपणे २००० वॅटचे असते. २३० व्होल्टवर ते जवळजवळ ९ अँपिअर वीज ओढते. म्हणून ते मोठ्या, १६ अँपिअरच्या सॉकेटलाच जोडावे. मोबाइल आणि दिव्याच्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर ते चालवल्यास सॉकेट तापून वितळते.

परसापर्यंत न्यायची वायर तांब्याची आणि जाड हवी. समजा वायर ३० मीटर लांब आहे. ती ०.७५ चौरस मिलिमीटरची बारीक असेल तर तिच्यातच सुमारे १३-१४ व्होल्ट खर्च होतात. २.५ चौरस मिलिमीटरची असेल तर सुमारे ४ व्होल्टच जातात. संध्याकाळी आपल्या वाड्या-वस्त्यांवर व्होल्टेज आधीच उतरलेले असते. त्यात बारीक वायर लावली की करवत दमते, माणूस ती अधिक जोराने दाबतो आणि मोटार जळते. वायर रिळावर गुंडाळलेली असेल तर ती पूर्ण उलगडावी. गुंडाळी तशीच ठेवली तर आतली वायर तापते.

काही ठिकाणी विहिरीवरच्या पंपाच्या पेटीतून दोन तारा घेऊन यंत्र चालवतात. तेथे तीन फेज असतात. दोन फेजमध्ये २३० नव्हे, सुमारे ४१५ व्होल्ट असतात. यंत्र तर जळतेच, माणसाच्या जिवालाही धोका होतो. एक फेज घेऊन दुसरी तार जमिनीत रोवलेल्या सळईला बांधणे, किंवा खांबावर आकडा टाकणे हे प्रकार तर मृत्यूला आमंत्रण होत. जेथे नीट सॉकेट नाही तेथे लाकूड सॉकेटजवळ आणावे, वीज लाकडाजवळ ओढून नेऊ नये.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. घरच्या बोर्डावर एमसीबी आहे, म्हणून आपण सुरक्षित आहोत असे पुष्कळांना वाटते. एमसीबी वायरिंगचे रक्षण करते, माणसाचे नाही. माणूस थोड्या मिलिअँपिअरच्या धक्क्याने मरू शकतो, तेवढ्याने एमसीबी पडत नाही. माणसासाठी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी लागते. विजेची थोडी गळती झाली तरी ती क्षणार्धात पुरवठा तोडते. बहुतेक करवतींना दुहेरी आवरण असते व दोन पिनांचाच प्लग असतो. तेव्हा साखळीखाली वायर कापली गेली तर अर्थिंग आपल्याला वाचवीलच असे नाही, आरसीसीबी वाचवते. परवानाधारक वायरमनकडून ती बसवून घ्यावी आणि काम सुरू करण्यापूर्वी तिचे टेस्ट बटण दाबून पाहावे.

ओली जमीन, झिमझिम पाऊस किंवा दहिवराने भिजलेले गवत असेल तर त्या दिवशी काम करू नये.

जोडणी

प्लग बोर्डातून काढलेला असावा आणि हातात जाड मोजे असावेत. मगच जोडणीला हात लावावा.

१. बाजूचे झाकण काढून पट्टी तिच्या खिळीवर बसवावी.

२. साखळी आतल्या दातेरी चक्रावर घालून पट्टीच्या खाचेत बसवावी. पट्टीच्या वरच्या कडेवरील दातांची धार टोकाकडे तोंड करून असली पाहिजे. साखळी उलटी बसली तर यंत्र फिरते, पण कापत नाही, आणि माणूस विनाकारण जोर लावत बसतो.

३. झाकण हलके आवळून ताणाचा स्क्रू फिरवावा. साखळी पट्टीच्या खालच्या कडेला चिकटलेली दिसावी, पण मोजा घातलेल्या हाताने ओढल्यास सहज सरकावी. मध्यभागी वर उचलली तर खालचे दाते खाचेतून पूर्ण बाहेर येऊ नयेत. मग झाकण घट्ट आवळावे.

४. नवी साखळी पहिल्या काही मिनिटांतच सैल पडते. तेव्हा थांबून, प्लग काढून ताण पुन्हा पाहावा. गरम साखळी ताणली असेल तर काम संपल्यावर ती सैल करून ठेवावी. थंड झाल्यावर ती आकसते आणि पट्टीला व चक्राला ताण बसतो.

५. टाकीत साखळीचे तेल भरावे. गाडीतून काढलेले जळके ऑइल घालू नये. त्यातील काजळी व धातूचा चुरा तेलाची वाट बुजवतात आणि ते कातडीलाही अपायकारक आहे. तेल येते की नाही हे पाहण्यासाठी पट्टीचे टोक एका कोऱ्या कागदापासून वीतभर दूर धरून यंत्र थोडे चालवावे. कागदावर तेलाचे थेंब उडालेले दिसले म्हणजे ठीक.

६. शेवटी चेन ब्रेक तपासावा. गार्ड पुढे ढकलल्यावर बटण दाबूनही साखळी फिरता कामा नये.

अंगावर काय असावे

धोतर, लुंगी, उपरणे, साडीचा पदर, ओढणी, गळ्यातील सैल साखळी यांपैकी काहीही या कामाला चालत नाही. जाड, अंगाबरोबर बसणारी पँट, अंगाबरोबरच्या बाह्यांचा सदरा आणि चपलेऐवजी मजबूत बूट घालावेत. डोळ्यांना चष्मा हवा. साधा नव्हे, बाजूने बंद असलेला. करवतीचा आवाज १०० डेसिबलच्या आसपास असतो. ८५ डेसिबलच्या वरचा आवाज रोज बराच वेळ कानी पडला तर ऐकू येणे कमी होते. म्हणून कानांत बोळे किंवा वर कानपट्टे लावावेत. साखळी अडवणाऱ्या खास पँट मिळतात. त्या जरूर वापराव्यात, पण विजेची मोटार जोरकस असते, ती दर वेळी अडकून थांबेलच असे धरून चालू नये.

थकलेले असताना, तापात, झोपेची गोळी घेतलेली असताना किंवा दारू प्यायलेली असताना करवतीला हात लावू नये.

कापण्याची रीत

डाव्या हाताने पुढची मूठ धरावी. अंगठा मुठीच्या खालून वळसा घालून आलेला असावा. उजव्या हाताने मागची मूठ धरावी. डावखुऱ्या माणसानेही हीच पकड ठेवावी, कारण यंत्राची रचना तशीच आहे. आपले शरीर पट्टीच्या रेषेत नसावे, जरा डावीकडे उभे राहावे. करवत उसळली तर ती त्या रेषेतच मागे येते.

ती का उसळते? फिरत्या साखळीसह पट्टीच्या टोकाचा वरचा भाग कशाला लागला की तेथील दात लाकडात अडकतात आणि सारा जोर उलटा फिरून पट्टी आपल्या तोंडाकडे येते. डोळ्याचे पाते लवते तेवढ्या वेळात हे घडते, हात मागे घ्यायला सवड मिळत नाही. म्हणून नियम एकच: टोकाने कधी कापायचे नाही, आणि टोकापुढे काय आहे हे नेहमी पाहायचे. ओंडक्यांचा ढीग असेल तर एकेक ओंडका बाजूला घेऊन कापावा. खांद्याच्या वर करवत नेऊ नये. शिडीवरून किंवा झाडावर चढून तर कदापि नाही.

ओंडका जमिनीवर ठेवून कापल्यास साखळी मातीत घुसते आणि एका क्षणात बोथट होते. दोन-दोन दांडके कात्रीसारखे अडकवून लाकडी घोडी करावी आणि ओंडका तिच्यावर ठेवावा. कोणी पायाने किंवा हाताने तो धरून उभे राहू नये. दोघांच्या करवतीच्या वेळची ही सवय येथे सोडावी लागते. जुन्या वाशांत खिळे आणि बांधावरच्या खुंटांत रुतलेली तार असते, ती आधी शोधून काढावी.

ओंडका दोन्ही टोकांना टेकलेला असेल तर मधोमध वरचा भाग दबलेला असतो. अशा वेळी वरून एक-तृतीयांश कापावे व उरलेले खालून वर कापत यावे. एकच बाजू टेकलेली असून दुसरी लोंबत असेल तर उलट करावे: आधी खालून एक-तृतीयांश, मग वरून. हे न पाहता कापले तर चीर मिटते आणि पट्टी चिमटली जाते. तशी अडकलीच तर हिसके देऊ नयेत. बटण सोडावे, प्लग काढावा, चिरेत पाचर ठोकावी आणि पट्टी सोडवावी.

साखळी पूर्ण वेगाने फिरू लागल्यावरच लाकडाला लावावी. यंत्राच्या वजनाने ती आपोआप खाली जाते, जोर लावावा लागत नाही. जोर लावावा लागला तर साखळी बोथट झाली आहे असे समजावे. चीर पूर्ण होताना हात हलका करावा, नाहीतर करवत एकदम खाली येऊन पायाला लागते. वायर नेहमी आपल्या मागे असावी. मुले, गुरे, कुत्री किमान चाळीस फूट दूर असावीत. एक जाणता माणूस बोर्डाच्या बटणाजवळ आपल्याला दिसेल असा उभा करावा. त्याचे दुसरे काही काम नाही, गरज पडली तर बटण बंद करणे एवढेच.

कोणते काम आपले नाही

उभे झाड पाडणे हे घरचे काम नव्हे. ते अनुभवी माणसाकडूनच करून घ्यावे. शिवाय कायदाही आहे. कर्नाटकात १९७६ चा वृक्ष संरक्षण कायदा लागू आहे. झाड आपल्याच शेतातील असले तरी ते तोडण्यापूर्वी वनखात्याच्या अधिकाऱ्याची परवानगी लागते. निलगिरी, सुबाभूळ, सुरू अशा काही झाडांना सूट आहे, तरीही आधी वनकार्यालयात विचारून घ्यावे. चंदनाला तर हातच लावू नये. ज्यांची जमीन सीमेपलीकडे कागल किंवा चंदगड बाजूला आहे त्यांना महाराष्ट्राचा १९६४ चा वृक्षतोड कायदा लागू होतो. बांध एक असला तरी कायदे दोन आहेत.

फांदी विजेच्या तारेजवळ असेल, किंवा वाऱ्याने तार तुटून झाडावर पडली असेल तर जवळ जाऊ नये. हेस्कॉमला १९१२ या क्रमांकावर कळवावे व त्यांची माणसे येईपर्यंत इतरांनाही दूर ठेवावे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये वेदगंगा-दूधगंगेला महापूर आला, तेव्हा पाणी आणि वीज एकत्र आली की काय होते, याची धास्ती आपण सर्वांनी अनुभवली आहे.

साखळीची निगा

चांगल्या साखळीतून जाड ढलपे पडतात. पिठासारखा भुसा पडू लागला की धार गेली. घरगुती यंत्रांच्या साखळीला बहुधा ४ मिलिमीटरची गोल कानस लागते, पण माहितीपुस्तकात पाहून खात्री करावी. प्लग काढून, दातावरील तिरक्या खुणेप्रमाणे सुमारे ३० अंशांत, आतून बाहेर अशी कानस मारावी. प्रत्येक दाताला सारखेच फटके द्यावेत. एका बाजूचे दात आखूड झाले तर चीर वाकडी जाते. काम झाल्यावर भुसा झाडावा, पट्टीची खाच साफ करावी, म्यान घालावे आणि यंत्र मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवावे.

इजा झालीच तर

आधी वीज बंद करावी, मग माणसाकडे जावे. धक्का बसून तो तारेला चिकटला असेल तर त्याला हाताने ओढू नये. बोर्ड बंद करता येत नसेल तर कोरड्या लाकडाने वायर दूर सारावी. श्वास थांबला असेल तर छातीच्या मध्यभागी तळहाताने मिनिटाला १०० ते १२० वेळा, सुमारे दोन इंच खोल दाबत राहावे आणि दुसऱ्याने १०८ ला फोन करावा.

जखमेतून रक्त वाहत असेल तर माणसाला आडवे करावे, स्वच्छ कापडाची घडी जखमेवर ठेवून घट्ट दाबावी आणि निदान दहा मिनिटे उचलून पाहू नये. कापड भिजले तर त्यावरच दुसरे ठेवावे. आपल्याकडे जखमेत हळद, चुना, कॉफीची पूड, आणि निपाणी भागात तर तंबाखूची पूडही भरतात. हे मुळीच करू नये. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात आणि तंबाखूच्या पुडीत माती हमखास असते. शिवाय डॉक्टरांना ती जखम धुऊन काढायला वेळ जातो.

हातापायाचे रक्त दाबूनही थांबत नसेल, कारंज्यासारखे उडत असेल, तर जखमेच्या वर दोन-तीन इंचांवर, सांध्यावर न येईल अशी, दोन इंच रुंद कापडी पट्टी बांधावी. तिच्यात काठी घालून रक्त थांबेपर्यंत पिळावी. पट्टी बांधल्याची वेळ लिहून ठेवावी आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत ती सैल करू नये. सुतळी किंवा तार वापरू नये.

बोट तुटले असेल तर ते स्वच्छ, किंचित ओलसर कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घालावे, पिशवी बंद करावी आणि ती बर्फाच्या पाण्यात ठेवावी. बोट थेट बर्फात घालू नये. जखमी माणसाबरोबरच ते न्यावे, मोठ्या रुग्णालयात ते जोडता येण्याची शक्यता असते. जखम लहान असली तरी धनुर्वाताच्या इंजेक्शनाबद्दल डॉक्टरांना विचारावेच. डोळ्यात भुसा गेला तर चोळू नये, स्वच्छ पाण्याने धुवावा. ढलपी रुतली असेल तर ती स्वतः काढू नये.

घरात बसून विचारावयाचे प्रश्न

१. आपल्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी आहे काय? टेस्ट बटण शेवटचे कधी दाबले?

२. आपली वायर किती जाड व किती लांब आहे? ती कोठे सोललेली आहे काय?

३. चेन ब्रेक कोणता, हे घरातील प्रत्येकाला दाखवता येईल काय?

४. करवत चालू असताना बोर्डाजवळ कोण उभे राहणार?

५. रक्तस्राव झाल्यास स्वच्छ कापड घरात कोठे आहे? सर्वांत जवळचा दवाखाना कोणता, आणि रात्री तो उघडा असतो काय?

या पाचही प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत करवत पेटीतच राहू द्यावी. जळण आठ दिवस उशिरा भरले तरी चूल विझत नाही. मिरगाचा पाऊस दोन दिवस थांबेल, न थांबेल, पण गेलेले बोट परत येत नाही, हे ध्यानात ठेवावे.